स्विंग बिघडलाय की सुरुवातच उशिरा होतीये?

पत्र थोडक्यात: खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत, शाळेच्या १४ वर्षांखालील सॉफ्टबॉल टीममध्ये. फिल्डिंग चांगली, थ्रो कडक, पण बॅटिंग पार गेली असं त्यांचं म्हणणं. गेल्या चार मॅचमध्ये ९ वेळा बॅटिंगला आली, ४ वेळा स्ट्राइक आऊट (मारण्याजोगे तीन बॉल हुकले किंवा सोडले म्हणून बाद), २ वेळा वर उडून सोपा कॅच, २ वेळा वॉक (चार वाईट बॉल सोडल्यावर न मारता मिळणारा पहिला बेस), १ हिट. जिल्हा टीमची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलीये. वडील स्वतः टेनिस बॉल क्रिकेट बरंच खेळलेले, रोज संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्याकडून दीडशे-दोनशे स्विंग करून घेतात. त्यांना दिसणारे दोष असे: मागचं कोपर पडतं, डोकं आधीच उठतं, पुढचा पाय बाहेर पळतो, बॅट उशिरा येते. शाळेचे सर म्हणतात कोपर वर ठेव, यूट्यूबवरचे म्हणतात कोपर सोडा, कंबर फिरवा. ताकद यावी म्हणून त्यांनी ३३ इंची, जरा जड बॅट आणली. तीन आठवड्यांत स्विंग कसा सुधारायचा, शहरात शनिवार-रविवारी कोच लावावा का, की सरळ क्रिकेटला घालावं, हे त्यांचे प्रश्न. शेवटी एक ओळ आहे: "हल्ली ती माझ्याशी प्रॅक्टिसबद्दल काही बोलतच नाही."

दादा, पत्र वाचलं, दोनदा वाचलं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मुलीला बॉल टाकायला उभा राहणारा बाप आपल्याकडे अजून फार दिसत नाही, आणि तेही सॉफ्टबॉलसाठी, त्यामुळे आधी तुमचं कौतुक, आणि मनापासून. आता जे लिहिणार आहे त्यातलं काही तुम्हाला पटणार नाही कदाचित, तरी शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट तुमच्या आकड्यांची. ९ वेळा आली आणि १ हिट, एवढंच तुम्ही धरलंय. पण वॉक मिळालेली बॅटर पण बेसवर जातेच ना, म्हणजे ९ पैकी ३ वेळा ती बेसवर पोचली. सॉफ्टबॉलमध्ये दहापैकी तीन हिट मारणारी बॅटर चांगली समजतात, अगदी वरच्या लेव्हलला सुद्धा, म्हणजे चांगल्या बॅटरचाही दहातला सातवेळचा हिशोब अपयशाचाच असतो. आपल्याला क्रिकेटची सवय, तिथे एकदा सेट झालं की बॉलवर बॉल खेळायला मिळतात. इथे सात इनिंगच्या मॅचमध्ये एका मुलीला दोन-तीन वेळा बॅटिंग येते, बस. चार मॅच म्हणजे फार छोटा नमुना आहे, त्यावरून बॅटिंग गेली म्हणता येत नाही. उलट दोन वॉक म्हणजे पोरगी वाईट बॉल सोडतीये, नजर आहे तिला, आणि ही गोष्ट शिकवायला सगळ्यात अवघड असते.

आता ते चार स्ट्राइक आऊट. ते बॅट फिरवून हुकलेले की बॉल बघत उभं राहून गेलेले? पत्रात नाहीये. दोन्हीवरचा इलाज एकदम वेगळा आहे म्हणून विचारतीये. फिरवून हुकत असेल तर टायमिंग बघायचं, नुसती उभी राहत असेल तर एकतर भीती आहे नाहीतर चुकलं तर बाबा काय म्हणतील हे डोक्यात आहे. पुढच्या मॅचला एका कागदावर नुसतं लिहून ठेवा, प्रत्येक बॉलला तिनं काय केलं. आरडाओरडा करण्यापेक्षा हातात पेन असलेलं बरं, तुमच्यासाठी पण आणि तिच्यासाठी पण.

मुद्द्यावर येते. तुम्ही चार दोष लिहिलेत आणि मला चारही एकाच दोषाची पिल्लं वाटतायत. माझा अंदाज असा की तिचा स्विंग मुळात तेवढा वाईट नाही, तो उशिरा सुरू होतो, आणि बॅट जड आहे म्हणून आणखी उशिरा पोचतो. उशीर झाला की शरीर जमेल तिथून वेळ वाचवायला बघतं. मग मागचा खांदा आणि कोपर पडतं कारण जड बॅट कशीतरी बॉलखाली न्यायची असते, डोकं उठतं कारण सगळं अंग एकदम ओढून बॅट आणावी लागते, पाय बाहेर पळतो कारण हातांना जागा हवी असते. आणि पडलेल्या कोपराने खालून आलेली बॅट बॉलच्या खालच्या भागाला लागते, बॉल वर उडतो, सोपा कॅच. तुमचे ते दोन पॉप-अप तेच. अशा वेळी "कोपर वर" म्हणून ओरडलं तर कोपर वर राहील पण उशीर तसाच राहील, उलट वर धरलेलं कोपर खाली येऊन मग स्विंग सुरू होणार म्हणजे अजून थोडा वेळ गेला. तुमचे सर चुकीचे आणि यूट्यूबवाला बरोबर असं नाही म्हणत मी, दोघं वेगवेगळ्या मुलींना उत्तर देतायत एवढंच.

वेळेचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे पटेल. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची म्हणजे बॉल टाकणारीची प्लेट, बॅटर उभी असते त्या होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३ मीटरच्या जरा पुढे, लहान वयोगटात कुठेकुठे यापेक्षा कमी पण ठेवतात. पिचर पाऊल टाकून पुढे येऊन बॉल सोडते म्हणजे खरं अंतर उरतं ११ मीटरच्या आसपास. शाळेतली बरी पिचर ताशी ६५ किलोमीटरने टाकत असेल तर बॉल प्लेटवर यायला साधारण ०.६ सेकंद. त्यातले ०.२ सेकंद तरी बॅट फिरायलाच लागतात, जड बॅटला जास्त. मग बॉल बघणं, मारू की सोडू ठरवणं, पाय टेकवणं हे सगळं उरलेल्या वेळात. क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर बॉल थोडा मंदावतो, थोडा वेळ मिळतो, इथे टप्पाच नाही.

म्हणून तीन आठवड्यांत फक्त दोन गोष्टी बदला, बॅट आणि सुरुवात.

बॅटचं आधी. जड बॅटने ताकद येते ही समजूत आपल्याकडे सगळीकडे आहे, मैदानावर रोज ऐकते मी. बॉल लांब जातो तो मुख्यतः बॅटच्या वेगाने आणि बॉल बॅटच्या बरोबर जागी बसल्याने. जड बॅट तिच्या हातात हळू फिरते आणि जागेवर पोचत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. १३ वर्षांच्या साधारण उंचीच्या मुलीला २९ ते ३१ इंची, १९-२० औंसची म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासची बॅट पुष्कळ झाली. शाळेच्या किटमध्ये बहुतेक वेळा मोठ्या मुलांच्याच ३४ इंची बॅट असतात आणि मुलींच्या टीमला त्याच मिळतात, याचा मला खरंच राग येतो, कारण मग पोरीच कमजोर आहेत असा शिक्का बसतो. घरच्या घरी तपासायचं असेल तर तिला एका हाताने बॅट मुठीजवळ धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला लांब करायला सांगा, अर्धा मिनिट हात न थरथरता राहिला तर बॅट झेपतीये, दहा-पंधरा सेकंदात खाली यायला लागला तर नाही झेपत. नवीन लगेच घेणं जमत नसेल तर आहे तीच बॅट तिला इंच-दीड इंच वर पकडू द्या, यात कमीपणा काही नाही. नवीन बॅट पुढेही चालेल म्हणून दोन वर्षं पुढची घेऊ नका, शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतो तसा हिशोब इथे चालत नाही.

मग सुरुवात. ती बॅटिंगला उभी असते तेव्हा बॉल पिचरच्या हातातून सुटल्यावर सगळं चालू करत असणार, बहुतेक मुली तेच करतात. तिला पिचरच्या हाताबरोबर चालायला शिकवा. पिचरचा हात फिरत डोक्यावर गेला की हिचं वजन हळूच मागच्या पायावर आणि हात मागच्या खांद्याजवळ. पिचरचा हात खाली मांडीजवळ येऊन बॉल सुटतो तेव्हा हिचा पुढचा पाय उचललेला. बॉल अर्ध्या वाटेत येईपर्यंत तो पाय हलकेच टेकलेला, आणि हात अजून मागेच. इथून मारायचं की सोडायचं. पाऊल छोटं, अर्ध्या फुटाचं वगैरे, लांब ढांग टाकली की डोकं खाली-वर होतं आणि मग बॉल नीट दिसत नाही. डोळे पिचरच्या चेहऱ्यावर नकोत, तिच्या मांडीच्या बाजूला जिथून बॉल सुटतो त्या जागेवर हवेत.

हे बॉलशिवाय पण करता येतं आणि मला तर तसंच जास्त आवडतं. शाळेची पिचर सराव करत असेल तेव्हा सरांना विचारून हिला हेल्मेट घालून बॅटरच्या जागी उभी करा, मारायचं नाही, फक्त वजन मागे, पाय टेकव, आणि तोंडाने म्हणायचं स्ट्राइक (मारण्याजोगा) की बॉल (सोडण्याजोगा). वीस-पंचवीस बॉल असे बघितले तरी दिवसाचं काम झालं. पिचरला पण बरं, समोर कोणीतरी उभं असलं की तिचा पण सराव खरा होतो. ज्यांच्या गावात पिचरच नाही त्यांनी घरच्या कोणालातरी पुढून हात फिरवून रबरी बॉल टाकायला लावा, वेग कमी असला तरी चालेल, फक्त अंतर त्या हिशोबाने कमी करा.

आता क्रिकेटचं थोडं, कारण तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिला "बॉलच्या लायनीत पाय टाक आणि सरळ बॅटने खेळ" सांगता. दादा, तुमचं क्रिकेटचं ज्ञान वाया नाही जात, बॉल शेवटपर्यंत बघणं, डोकं स्थिर ठेवणं हे दोन्हीकडे तेच. पण पुढच्या पायावर वजन टाकून बॉलवर झुकणं इथे नडतं. सॉफ्टबॉलमध्ये पुढचा पाय टेकला की तो घट्ट होतो, त्याच्यावर अंग अडतं आणि कंबर फिरते, कंबरेमागून छाती, छातीमागून हात, शेवटी बॅट. अंगच पुढे वाहून गेलं तर फिरायला काही उरत नाही, मग नुसत्या हाताने मारावं लागतं. बॅटही वरून खाली सरळ नाही, बॉल ज्या रेषेत येतोय त्या रेषेत बॅट जास्तीत जास्त वेळ राहिली पाहिजे. "लाकडं फोडल्यासारखं खाली मार" असं पूर्वी सर्रास सांगायचे, त्याने बॉल जमिनीत जातो. खालून उचलून मारायला सांगणारे पण आहेत, त्याने कॅच जातात. बॅट लागते त्या क्षणी वरच्या हाताचा, म्हणजे बॅटच्या जाड भागाकडच्या हाताचा, तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे असेल तर बॅट बरोबर आली समजा.

पाय बाहेर पळण्याचं मात्र वेगळं तपासा. उशिरामुळे असेल तर वरचं केल्यावर आपोआप कमी होईल. नाही झालं तर ती बॉलला घाबरतीये. तिला कधी बॉल लागलाय का? विचारा, पण "घाबरतेस का" असं नका विचारू, "कुठे लागला होता, किती दुखलं होतं" असं विचारा. १२ इंची सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट, वजन १८० ग्रॅमच्या वर, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा जड, आणि बरगडीवर बसला की आठवडाभर लक्षात राहतो. भीती ही समजुतीने जात नाही, अंगाला चुकवायची सवय लागली की जाते. टेनिस बॉल घ्या, जवळून हळू तिच्या अंगावर टाका, आणि तिने पुढचा खांदा आत वळवून, हनुवटी छातीला लावून, पाठ बॉलकडे करायची, बॅट खाली. खेळ म्हणून करा, हसत करा. आणि हेल्मेटला पुढे जाळी असलेलं मिळालं तर बघा, शाळेत नसेल तर दोन-तीन पालक मिळून घ्या, टीमला एक असलं तरी आळीपाळीने वापरता येतं.

रोज दीडशे-दोनशे स्विंग बंद करा. दमलेलं अंग चुकीचा स्विंगच पाठ करतं. आठवड्यातून चार दिवस, टी वर (बॉल ठेवून मारायची उभी दांडी) चाळीस, बाजूने टाकलेले तीस, झालं, मनगट किंवा कंबर दुखली तर त्याच्या आधी थांबायचं. टी विकत घ्यायची गरज नाही, पीव्हीसीचा पाईप सिमेंट भरलेल्या डब्यात उभा करा आणि वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, बॉल छान बसतो. टी ठेवताना एक चूक सगळे करतात, टी पोटासमोर ठेवतात. ती पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, बॉल मारायचा तिथे असतो. बाहेरच्या बाजूचा बॉल असेल तर थोडी मागे, अंगाजवळचा असेल तर अजून थोडी पुढे. बॅडमिंटन हॉलमधून वापरलेली शटल मागून आणा, फुकट देतात बहुतेक, ती पाच-सहा मीटरवरून टाका, पावसात घराच्या शेडमध्ये पण होतं, काही फुटत नाही, आणि एवढीशी वस्तू बॅटवर आली की तिला पण मजा येते.

हात लांब फेकून गोल फिरवायची सवय असेल तर जाळीपासून किंवा भिंतीपासून बॅटच्या लांबीएवढं लांब, जाळीकडे तोंड करून उभं राहून सावकाश स्विंग करायचा, बॅट जाळीला घासली म्हणजे हात लवकर लांब गेले. भिंत असेल तर फारच सावकाश, नाहीतर मनगटाला झटका बसतो. पण हे निवड झाल्यावर. आत्ता नको. तीन आठवड्यांत चार-पाच गोष्टी बदलायला घेतल्या तर चाचणीच्या दिवशी ती बॉल सोडून स्वतःच्या कोपराचा विचार करत उभी राहील, आणि त्या ०.६ सेकंदात विचाराला जागा नसते.

शहरातल्या कोचचं विचारलंत. चाचणीच्या आधी नको. तिसरा माणूस तिसरी भाषा बोलणार. नंतर लावायचा असेल तर आधी जाऊन एक दिवस नुसतं बघा, तो बॅटरच्या पायाकडे बघतो का, एका वेळी एकच गोष्ट सांगतो का, आणि मुलींना टी आणि सॉफ्ट टॉस (बाजूने हळू टाकलेला बॉल) यांच्या पुढे चालत्या बॉलवर मारायला देतो का. पहिल्याच दिवशी सगळा स्टान्स बदलून टाकणारा असेल तर पैसे वाचवा. आणि शाळेच्या सरांना बाजूला टाकून हे करू नका, टीममध्ये खेळवणार तेच आहेत. त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणा की सर, चाचणीपर्यंत आपण दोघं तिला एकच गोष्ट सांगू या, पाय वेळेवर टेकव, बाकी नंतर. बहुतेक सर ऐकतात, पालक भांडायला नाही तर विचारायला आलाय हे बघूनच त्यांना बरं वाटतं.

क्रिकेटचं म्हणाल तर २०२३ पासून मुलींची मोठी लीग सुरू झालीये, पैसा आहे, टीव्हीवर दिसतं, तुमच्या मनात येणं साहजिक आहे. सॉफ्टबॉल २००८ नंतर ऑलिम्पिकमधून गेला, टोकियोला आला, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसला परत आहे, म्हणजे हा खेळ खेळणाऱ्यांना आत-बाहेर सवयीचंच झालंय. पण तुमची मुलगी कोणता खेळ आवडीने खेळते हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. तिला क्रिकेट हवं असेल तर जरूर घाला, थ्रो कडक आहे म्हणताय, कामाला येईल. बॅटिंग होत नाही म्हणून खेळ बदलायचा असेल तर तिथेही बॅटिंग आहेच, आणि तुम्ही तिथे जास्त जाणकार आहात म्हणजे सूचना पण जास्तच होतील.

ती बोलत नाही, या ओळीवर मी जास्त वेळ थांबले. दिवसभर शाळेत सर सांगतात, संध्याकाळी तुम्ही सांगता, मॅचमध्ये जाळीमागून पुन्हा तुम्ही. ती बोलली की त्यातून आणखी एक सूचना निघते हे तिला माहीत झालंय, म्हणून गप्प. उद्यापासून टाकणारे तुम्ही, पण बोलणारी ती, असं करून बघा. प्रत्येक दहा बॉलनंतर फक्त विचारा, "यातला कुठला बरा वाटला?" ती म्हणेल हा नाही तो, आणि खरंच सांगते, मुलींना बॅटवर बॉल नीट बसल्याचं हाताला कळतं, आवाजावरून कळतं, आपण सांगायच्या आधी कळतं. घरी जेवताना स्विंगचा विषय काढायचा नाही. मॅचमध्ये बॅटिंगला जाताना नाव घेऊन हाक मारा हवी तर, पण कोपर, डोकं, पाय यातला एकही शब्द नको, आणि स्ट्राइक आऊट होऊन आली तर पाणी द्या, फिल्डिंगला जायचं असतं तिला लगेच.

चाचणी झाली की, निवड होवो न होवो, चार दिवस पूर्ण सुट्टी आणि मग जाळीचा सराव, वरच्या एका हाताने हलकी बॅट धरून टी वरचे मारे, हे एकेक सुरू करा, एक गोष्ट किमान दोन आठवडे. मोबाईलवर स्लो मोशन असतंच, बाजूने काढा, ती ज्या बाजूला तोंड करून उभी असते त्या बाजूने, पण जाळीच्या मागे सुरक्षित उभं राहून. आधी बघायचं पाय टेकला तेव्हा हात कुठे होते, आणि बॅट लागली तेव्हा डोकं कुठे होतं, यापेक्षा जास्त काही बघू नका. तिला आधी बघू द्या, तिने काही म्हटलं तरच तुम्ही बोला. आणि काढताना दोन्ही पाय फ्रेममध्ये येऊ द्या, माझ्याकडे येणारे बहुतेक व्हिडिओ कमरेपासून वरचेच असतात.